तोतारामआबांचं हरवलेलं नाक

माझ्या नाकाबद्दल जळगावात ज्या कथा फिरतात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. त्या मीच पसरवल्या, म्हणून खात्रीने सांगतो. उरलेल्या निम्म्याही मीच पसरवल्या, पण त्या खऱ्या आहेत. भुसावळच्या फलाटावर मला डोळे बांधून उभं केलं, तर आलेली गाडी नागपूरकडची की खंडव्याकडची हे मी वासावरून सांगतो, ही पहिल्या निम्म्यातली. मिरचीच्या पोत्याची सुतळी सोडता सोडता आत ओल धरलेली मिरची आहे का ते सांगतो, ही दुसऱ्या निम्म्यातली. यापुढे कुठली गोष्ट कुठल्या निम्म्यात टाकायची ते वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर ठरवावं.

माझा धंदा मसाला कांडपाचा. आता गादीवर मुलगा बसतो आणि मी बाजूच्या खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो, याला लोक निवृत्ती म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर पाकिटातला मसाला खाल्ला त्यांच्यासाठी सांगतो. होळी झाली की आमचा हंगाम सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. बायका घरून मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे असा बठ्ठा, म्हणजे सगळा, ऐवज भाजून आणतात. आमच्याकडे लोखंडी उखळ्यांची रांग असते, त्यात यंत्रावरची मुसळं वरखाली होतात. चक्कीत मसाला दळला जातो आणि तापतो. तापला की त्याचा वास उडून जातो, शेजाऱ्यांना मिळतो. उखळात तो कुटला जातो आणि वास आतच राहतो. एका घरचा मसाला निघाला की दुसऱ्या घरचा टाकण्याआधी उखळात मूठभर धणे कुटून काढायचे, म्हणजे आधीच्या घराचा वास पुसला जातो. हे केलं नाही तर दोन घरांत वैर होतं. "माझ्या मसाल्याला जावेच्या मसाल्याचा वास येतो" या कारणावरून बोलणं बंद झालेल्या जावा मी पाहिल्यात, आणि त्यांची समजूत घालताना दोघींच्या हातचं जेवून आलोय.

धंदा मी मामांकडे शिकलो, धुळ्यात. त्यांच्या दुकानात एकदा चोर शिरला. गल्ला कुठे असेल ते शोधायला त्याने नेमकं लवंगी मिरचीच्या पिंपात तोंड घातलं. पोलिसांनी त्याचा माग काढला तो शिंकांवरून. महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर विचारलं, शिंकत गेलेला माणूस पाहिला का, आणि प्रत्येकाने उत्तरेकडे बोट दाखवलं. सोनगीरच्या किल्ल्याखाली तो सापडला तेव्हा स्वतःच म्हणाला म्हणे, मला आत टाका पण आधी पाणी द्या.

तर मिरचीवरून आठवलं. वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब दर हंगामाला यायचे. उभ्या आयुष्यात स्फोटकं हाताळलेला माणूस. तक्रार एकच, मसाल्यात दम नाही.

"नाना, तुमची मिरची हल्ली चवीला कमी पडते."

मी म्हटलं, "साहेब, मिरचीला चव नसते."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कारखान्यात काडी ओढली.

"मिरची डोळ्यात गेली तर काय होतं?" मी विचारलं.

"आग होते."

"मग डोळ्याला चव कळते का?"

तिखट ही चव नव्हे, ती जिभेला झालेल्या जखमेची बातमी आहे, फक्त जखम खोटी असते. हे मला आमच्या नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, त्यांची गोष्ट पुढे येतेच. जिभेला स्वतःला कळतं ते एवढंच: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी एक चव, जी चांगल्या शिजलेल्या डाळीत आणि पिकल्या टमाट्यात असते. तिला मराठीत धड नाव नाही, मी तिला रश्श्याची चव म्हणतो. शाळेत आम्हाला जिभेचं चित्र काढायला लावायचे, शेंड्याला गोड, मागे कडू, कडेला आंबट. ते चित्र चुकीचं. जीभ सगळीकडून सगळं चाखते. त्या चित्राला मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते, ते मी परत करत नाही.

बाकीचं जे आपण चव म्हणतो, ते नाकाचं काम. विश्वास बसत नसेल तर आत्ता उठा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेप तोंडात टाकून चावा. थोडं गोडसर लागेल, बस, बाकी भुसा. आता चिमूट सोडा. घशाच्या मागच्या वाटेने वास नाकात चढतो आणि बडीशेप एकदम बडीशेप होते. नाकाला पुढचं दार आहे तसं मागचंही आहे. आपण फुलं पुढच्या दाराने घेतो आणि जेवण मागच्या.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मी फक्त नाकाच्या जोरावर पोट भरत होतो. ते शिकण्याची वेळ आली ती तोतारामआबांमुळे.

आबा जळगावाजवळच्या असोद्याचे. थोडी केळी, थोडी कपाशी, आणि हिवाळा आला की भरीत. आमच्याकडे हिवाळ्यात मळ्यात भरताच्या पार्ट्या होतात. कपाशी वेचून झाली की तिच्या वाळलेल्या काड्या, ज्यांना आम्ही पऱ्हाट्या म्हणतो, त्यांचा ढीग पेटवायचा आणि त्यात हिरवी, मोठाली वांगी भाजायची. सोललेलं वांगं लाकडाच्या बडगीत, म्हणजे लांबट द्रोणासारख्या भांड्यात, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचं. वर शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भरीत जगात कुणीही करतं. पण पऱ्हाटीच्या धुराचा वास वांग्यात नेमका किती उतरला की वांगं ओढायचं, हे आबांना कळायचं. ते आगीजवळ बसून नाक जरा वर करायचे आणि म्हणायचे, "काढा." अर्ध्या जिल्ह्यातून त्यांना बोलावणं यायचं. आबा नसतील तर लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचे, असं मी म्हणतो आणि ते ऐकून आबा कधी नाही म्हणाले नाहीत.

साथीच्या तापाच्या लाटेत आबाही तापले. बरे झाले, हिंडू-फिरू लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात असोद्याच्या एका मळ्यात भरीत होतं, मी आणि माझी बायको मालती गेलो होतो. आग पेटली, वांगी पडली, आबा नेहमीच्या जागी बसले. थोड्या वेळाने मला वास आला. वांग्याचा नाही, प्लास्टिकचा. केळीच्या बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या असतात, त्यांचे तुकडे पऱ्हाट्यांच्या ढिगात गुंतलेले राहिले होते आणि ते आता वांग्यांखाली मजेत जळत होते. हे आमच्याच भागात होऊ शकतं, केळी आणि कपाशी एका बांधावर असतात म्हणून. चूक कुणाचीही होते. पण आबा त्या धुरात नाक वर करून बसले होते आणि म्हणाले, "काढा. जमलं."

वांगी सोलली, ठेचली. आबांनी बोटावर घेऊन चाखलं आणि मान डोलावली. पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी घेतला आणि कुणीच गिळेना. आबांसमोर थुंकायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी मळ्याच्या मालकाचा मेहुणा, ज्याला गप्प बसणं आयुष्यात जमलेलं नाही, म्हणाला, "आबा, आज वांगे भाजले का टायर?"

लोक हसले. आबाही हसले, पण उशिरा. त्या उशिरामुळे मला कळलं. त्या माणसाला खरंच काही कळलेलं नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे बघून अंदाज बांधत होता. बडगी बाजूला गेली, लोकांनी भाकरी ठेच्याशी खाल्ली. मी आबांना विहिरीकडे नेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून." आबा विहिरीत बघत म्हणाले. "मले काहीच वास नही येत, नाना. घरात कोनाले सांगितलं नही. म्हातारी डाळीले फोडनी देते, मी म्हन्तो वा. भाकर खातो तं माती चावल्यासारखी लागते."

"मग आज बसलात कशाला आगीजवळ?"

"वाटलं, आगीजवळ बसलो तं वास येईन."

मग म्हणाले, "आता बडगी पोराले देतो. आपलं झालं." आवाजात रडणं नव्हतं. नको असलेलं ओझं खाली ठेवावं तसं बोलले, आणि मला तेच जास्त लागलं. आबांनी बडगी ठेवली असती तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत आबाही राहिले नसते, असं मला त्या क्षणी वाटलं. मी फुगवून सांगतो असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य वगळावं. मी वगळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आमच्याच गिऱ्हाईक, दर हंगामाला मसाला नेतात. त्यांनी नळी घालून नाक बघितलं आणि मग कागदावर पेनाने चित्र काढलं. नाकाच्या पार वर, डोळ्यांच्या मधोमध, टपालाच्या तिकिटाएवढा एक तुकडा असतो. त्यावर शेकडो तऱ्हांची कुलपं. हवेतून आलेला वासाचा कण म्हणजे किल्ली. लवंगेच्या वासाने एक कुलूप उघडत नाही, एकदम बरीच उघडतात, आणि कुठली कुठली उघडली त्यावरून मेंदू म्हणतो, ही लवंग. अक्षरं थोडी, शब्द अगणित, तसं.

"आबांच्या नाकाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तारा शाबूत असाव्यात," बाई म्हणाल्या. "पण तापात तारांचे खांब पडले, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या पेशी मेल्या. नाकात या पेशी मरतात आणि नव्या उगवतात, शरीरात असं फार थोड्या ठिकाणी होतं. वेळ लागेल. पूर्ण येईलच असं मी सांगत नाही."

"औषध?" मी विचारलं.

"तालीम," बाई म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचे. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. जोरात ओढायचं नाही, सशासारखं हलकं हलकं. आणि हुंगताना ती वस्तू डोळ्यासमोर आणायची."

आबांनी मला बाहेर येऊन विचारलं, "चार वास हुंगाले एवढी डिग्री लागते?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही वांगी भाजता, त्याला कुठे डिग्री लागते? पण सगळ्यांना जमतं का?"

मग आबा रोज असोद्याच्या बसने दुकानात यायला लागले. घरी करायला लाजायचे. मागच्या खोलीत मी चार बाटल्या मांडल्या, आणि स्वतःच्या अधिकारात दगडफुलाची पाचवी वाढवली, कारण दगडफूल ओळखता येत नसेल तर माणूस खानदेशात राहून उपयोग काय. आबा बाटली उघडायचे, सशासारखं नाक हलवायचे आणि मी विचारायचो, "काय दिसतं?"

"दाढ," लवंगेची बाटली धरून आबा एकदा म्हणाले. "लहानपनी दाढ दुखली तं मायने लवंग दाबली होती. दाढ दिसते. वास नही."

"दाढ तर दाढ. चालू ठेवा."

हंगाम ऐन भरात होता. पुढे मुसळं धडधडत होती, शिंकांचा पाऊस पडत होता आणि मागे आबा रोज बाटल्यांसमोर बसत होते. एक दिवस म्हणाले, "रिकाम्या विहिरीत बादली सोडू राह्यलो मी, नाना. नुसती खडखड ऐकू येते."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो गरम पाण्यासारखा पिऊन टाकला.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी आबा दुकानात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. चेहरा असा केला की मला वाटलं मिरची उडाली.

"नाना, काय जाळू राह्यले तुम्ही?"

"काही नाही. एका गिऱ्हाइकाचं कांदा-खोबरं भाजून देतोय."

"खोबरं? सडलेलं रबर जाळल्यासारखं घान मारते तुमचं दुकान. कालपासून घरात बी तसंच. म्हातारीने लसूण परतला तं मी ओकत ओकत बाहेर गेलो."

गिऱ्हाईक बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कुणाच्या मसाल्यात काय पडलं म्हणून. मी आबांचा हात धरून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेलो, चपला घालायचं विसरलो. बाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"छान झालं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मले लसूण रबर लागतो आन् तुम्ही छान म्हन्ता?"

बाईंनी समजावलं. खांब उभे राहिले, तारा नव्याने जोडायचं काम सुरू झालं. पण जोडणारा वायरमन दारू पिऊन चढलाय. लसणाची तार टायरच्या डब्यात, कॉफीची गटाराच्या डब्यात. बऱ्याच जणांचं नाक परत येताना असं उलटसुलट बोलतं. बातमी चुकीची असली तरी बातमी आली, म्हणजे टपाल सुरू झालं. जिथे वास घाण येतो ते काही दिवस टाळायचं, तालीम सोडायची नाही.

पुढचे महिने आबांना फार जड गेले. कांदा, लसूण, भाजलेलं काहीही, चहा, सगळं बाद. केळी, दही-भात आणि दूध-भाकरी यावर माणूस जगला. सगळ्या खानदेशात भाजल्याशिवाय काही शिजत नाही, आबा नाक धरून गल्लीतून जायचे. पण बस धरून यायचे ते यायचेच. वास न येण्याने जो माणूस खचला होता, तो घाण वासाने चिडला होता, आणि चिडलेला माणूस उद्या परत येतो.

मग पावसाळा उलटल्यावर एक दिवस बाटल्या पुढे न घेताच आबा माझ्याकडे टक लावून बघायला लागले. जवळ आले, अजून जवळ आले, आणि सशासारखं नाक हलवायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिंग," आबा म्हणाले. "आन् तळलेले धने. नाना, तुमच्या अंगाले हिंगाचा वास येतो. चांगला, बरोबर हिंग."

मी माझा सदरा हुंगला. मला काही आलं नाही. माझी मान लाजेने खाली गेली, कारण गावभर नाकाचे पोवाडे गाणाऱ्या माणसाला स्वतःचा वास ठाऊक नव्हता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तो कुणालाच नसतो. सतत येणारा वास नाक ऐकेनासं होतं, नाहीतर नव्या वासाकडे लक्ष कसं जाईल. घरी मालतीला विचारलं. ती सोनगीरची, तिची अहिराणी धारदार.

"कितला साल व्हयनात, मी तेच सांगस," ती म्हणाली. "तुमना आंगले हिंगना वास येस. बठ्ठा गावले माहीत शे. आते पुरं करा ते नाकनं कौतिक."

त्यानंतर आबांना एकेक वास सुटा सापडायला लागला. आधी लिंबू, मग गुलाब, मग दगडफूल. कॉफी आणि लसूण अजून वाकड्या वाटेने यायचे. थंडी पडली तशी मी विचारलं, "आबा, भरीत?"

आबा म्हणाले, "करतो. पन तुम्ही माह्याजवळ बसायचं आगीशी. तुमचं नाक उसनं पाहिजे. मले पऱ्हाटीचा धूर येतो, पन खरा येतो का वायरमन फसवू राह्यला, कसं कळनार? मागच्या टायमाले बी मले वाटलं होतं जमलं."

मी हो म्हटलं. त्याच मळ्यात, तीच माणसं, मेहुण्यासकट. आबांनी पऱ्हाट्यांचा ढीग स्वतः काडी काडी करून झटकला. आग पेटली, वांगी पडली, आबांनी शेजारी पोतं अंथरलं आणि मला हाक मारली.

मी मफलर कानापासून नाकापर्यंत गुंडाळून गेलो होतो. घोगरा आवाज काढून म्हटलं, "आबा, घात झाला. काल रात्रीपासून सर्दी. नाक पार बंद. मला आज काही कळणार नाही."

पलीकडून मालती म्हणाली, "सर्दी? कव्हय व्हयनी तुमले?"

मी तिच्याकडे असं बघितलं की ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

आबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एकदा ते पोत्यावरून उठले आणि मला वाटलं, हे आता घरी जाणार आणि मी आयुष्यातला सगळ्यात महागडा मूर्खपणा केला. मेहुणा लांबून हाका मारत होता, "आबा, आज कंचा टायर?" आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. नाक जरा वर केलं. सशासारखं. आगीकडे, मग बाजूला, मग पुन्हा आगीकडे. धूर माझ्याही तोंडावर येत होता आणि मी मफलरच्या आत ओठ चावून बसलो होतो, कारण वांगी व्हायला अजून जरा वेळ आहे हे मला स्वच्छ कळत होतं.

"थांबा," आबा म्हणाले. "कच्चा येतो अजून."

आम्ही थांबलो. धुरातला ओला, हिरवा वास हळूहळू गोड झाला. माझ्या जिभेवर शब्द आला होता. मी तो गिळला.

"काढा," आबा म्हणाले.

वांगी बडगीत पडली. लसूण आबांनी हुंगला नाही, तळहाताच्या जुन्या अंदाजाने टाकला. "लसूण अजून मले खोटं बोलतो," म्हणाले, "हात नही बोलत." चाखलं, पण मान डोलावली नाही. वाढा म्हणाले आणि उभेच राहिले.

पहिला घास सगळ्यांनी घेतला. मेहुण्याने घेतला. त्याने काही विनोद तयार ठेवला असणार, पण तोंड भरलेलं होतं आणि ते रिकामं करायची त्याला घाई नव्हती. मग त्याने न बोलता ताट पुढे केलं. आबा तेव्हा खाली बसले. स्वतःच्या ताटात घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

भरीत कसं झालं होतं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर पहिल्या निम्म्यात टाकाल. मफलर खालून जरा उचलून मी पुन्हा घेतलं, आणि पुन्हा घेतलं. आणखी मागायला ताट पुढे केलं तेव्हा वाढायला आबाच होते. त्यांनी पळी हवेतच धरली आणि वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाले,

"नाना, वरीसभर बंद होतं माह्यं नाक. बंद नाकाचा मानूस भाकर पोटात ढकलतो. भरीत मागत नही."

मी मफलर खाली केला. आबांनी पळी भरली, ताटात रिकामी केली आणि पुन्हा भरली.